ओबीडी स्कॅनर: नव्वदच्या पुढे गाडी का दमते, ते दाखवणारी डबी

सांगलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची मोटार टेम्पोत घालून आणतो आणि खाली उतरवायच्या आधीच सांगतो, "वाइंडिंग जळलंय, भरून द्या." बावीस वर्षांत मी एक नेम मोडलेला नाही. मीटर लावल्याशिवाय मोटार उघडायची नाही. कितीदा तरी वाइंडिंग ठणठणीत निघतं आणि दोष असतो विहिरीवरच्या केबलच्या जॉइंटमध्ये. असा जॉइंट फार फसवा असतो. मोटार बंद असताना मोजलं तर तिन्ही फेजवर ४१५ व्होल्ट व्यवस्थित दिसतात. मोटार चालू करून लोड आला की त्याच जॉइंटमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोटार गुरगुरत बसते.

हे सगळं माहीत असून माझ्या स्वतःच्या गाडीवर मी पाच महिने मीटर न लावता पैसे घालत राहिलो. म्हणून हे लिहितोय. ज्या डबीने शेवटी दोष दाखवला, ती घ्यावी का, कुठली घ्यावी, तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे वर्षभर वापरून मला जेवढं कळलं तेवढं सांगतो.

गाडी तेराशे सीसीची टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), २०१५ ची. पुण्याहून सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे नंबर एमएच-१२. रनिंग तेव्हा एक लाख अठरा हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, रबराच्या वयाचा होता.

त्रास असा होता. गावात गाडी लोण्यासारखी. मिरजेला जा, तासगावला जा, काही नाही. हायवेला लागलं, नव्वदच्या पुढे गेलं आणि ओव्हरटेकसाठी पाय दाबला की दोन-तीन सेकंद गाडी ओढायची आणि मग एकदम कुणीतरी मागून धरल्यासारखी बसायची. पेडल तळाला, पण पिकअप नाही. मागे काळा धूर. कधीकधी चेक लाईट लागायची. बाजूला घेऊन चावी बंद केली, मिनिटभराने परत स्टार्टर मारला की गाडी पहिल्यासारखी. या "परत चांगली होते" नेच सगळ्यांना चकवलं, मला धरून.

कऱ्हाडच्या अलीकडे एकदा कंटेनरला ओव्हरटेक करत होतो. मागच्या सीटवर आई आणि मुलगी. निम्मा कंटेनर मागे पडला होता आणि गाडी बसली. मागून ट्रॅव्हल्सची बस डिपर मारत जवळ येत होती, डावीकडे कंटेनर, उजवीकडे डिव्हायडर. ब्रेक मारून मागे यायलाही जागा नव्हती. कंटेनरवाल्याच्या लक्षात आलं, त्याने पाय काढला आणि मला पुढे जाऊ दिलं. त्या माणसाचं तोंडही मी पाहिलेलं नाही, पण त्याचे उपकार आहेत. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर गॅरेज सुरू झाली. पहिल्या ठिकाणी डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. फरक नाही. दुसऱ्या ठिकाणी ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काढून कार्बन धुतला, नोझल साफ करायचं औषध टाकीत घातलं. दोन दिवस बरं वाटलं, बहुतेक मनाचंच समाधान. तिसऱ्या ठिकाणी टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाईप उघडून आत बोट फिरवलं, बोटाला ऑइल लागलं, ते मला दाखवलं आणि सांगितलं, "अण्णा, टर्बो ऑइल टाकाय लागलाय. गेला टर्बो." नवीन बसवायचा अंदाज मजुरीसकट बावन्न हजार. रिकंडिशन घेतला तर अठ्ठावीस. तिन्ही ठिकाणच्या माणसांनी ट्रायल मारली, पण गावातल्या गावात, दोन किलोमीटर, पन्नास-साठच्या वेगाने. लबाडी कुणाचीच नव्हती. पण लोड आल्यावर दिसणारा दोष बिनलोड शोधत होते सगळे. मी रोज गिऱ्हाइकांना हेच समजावतो, आणि स्वतःच्या गाडीपाशी मात्र गप्प उभा होतो.

मग डबी घेतली.

स्टिअरिंगखाली, बॉनेट उघडायच्या खटक्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तेच ओबीडी पोर्ट, गाडीचे दोष वाचायचं. अमेरिकेत १९९६ पासून ते प्रत्येक नव्या मोटारीला आलं; आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झालं. म्हणजे त्यानंतरची बीएस-४ गाडी असेल तर हे सॉकेट तुमच्याकडे आहेच. त्यात काडेपेटीएवढी ब्लूटूथची डबी बसते आणि गाडीच्या इसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला) जे दिसतं ते मोबाईलवर येतं. लोक याला स्कॅनर म्हणतात, डोंगल म्हणतात.

पहिली डबी घेतली साडेतीनशे रुपयांची. ती घेऊ नका. दुकानदाराचं किंवा विक्रेत्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तोच निळा डबा दहा नावांनी विकला जातो. या सगळ्या डब्यांवर ईएलएम३२७ लिहिलेलं असतं. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. स्वस्त डब्यांत त्या चिपची नक्कल असते. माझ्या डबीवर "आवृत्ती १.५" छापलं होतं, आणि एल्मने १.५ अशी आवृत्ती कधी काढलेलीच नाही. पाच आकडे एकदम मागितले की ही डबी अडखळायची, दोन-दोन सेकंदांनी एक आकडा द्यायची, आणि नेमकं पाय दाबल्यावर कनेक्शन तुटायचं. जो दोष तीन सेकंदांत घडून जातो, तो अशा डबीत कसा दिसणार?

दुसरी एकोणीसशे रुपयांची घेतली. दिसायला साधी काळी, पण एका सेकंदात चार-पाच वेळा आकडे बदलते आणि अजून एकदाही मध्येच सुटलेली नाही. घेताना मी एवढंच बघितलं होतं: परत करायची सोय आहे का, आणि चिप कुठल्या कमांडना उत्तर देते. डबी किती खरी आहे हे तपासणारी फुकट अ‍ॅप्स अँड्रॉइडवर मिळतात. आली की पहिल्याच दिवशी तपासा, चालढकल केली की परतीची मुदत संपते.

अ‍ॅप मी टॉर्क प्रो वापरतो. विकत घ्यावं लागतं, पण एकदाच, दरवर्षी नाही. ते दिसायला जुन्या वळणाचं आणि सगळं इंग्रजीत आहे. सुरुवातीला भाच्याने लावून दिलं. मला त्यातली सर्वांत आवडलेली सोय म्हणजे लॉगिंग. गाडी चालवताना मोबाईलकडे बघायचंच नाही. सगळे आकडे वेळेसकट फाईलमध्ये उतरतात. घरी येऊन पंख्याखाली बसून निवांत वाचायचे. गाडी चालवणारा एक आणि मोबाईल सांभाळणारा दुसरा, हे मी कधी मोडलेलं नाही. कंटेनरशेजारची ती दहा सेकंदं आठवली की मोडावंसं वाटत नाही.

आधी कोड वाचला, म्हणजे इसीएमने नोंदलेला दोषाचा नंबर. पी०२९९. अर्थ: अंडरबूस्ट. इसीएमला जेवढा हवेचा दाब अपेक्षित होता, तेवढा मिळाला नाही. इथेच फसगत होते. बरेच जण या कोडचा अर्थ "टर्बो खराब" असा लावतात. कोड फक्त दाब कमी पडला एवढंच म्हणतो. का कमी पडला ते तो सांगत नाही. टर्बो झिजला असेल, त्याचा दाब कमी-जास्त करणारा अ‍ॅक्च्युएटर हलत नसेल, व्हॅक्यूमची नळी सुटली असेल, पाईप फाटला असेल, किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल.

कोडच्या मागे फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचे आकडे. माझ्यात होतं: वेग ९६, आरपीएम २,९१०, इंजिन लोड ९८ टक्के, पाणी ८८ अंश. कऱ्हाडजवळच्यासारखाच एक क्षण इसीएमने धरून ठेवला होता. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कोड पुसला की ही नोंदही जाते, म्हणून गॅरेजवाल्याला स्कॅनर लावू देताना आधी सांगा की बाबा, पुसू नकोस. आधीच्या तिन्ही ठिकाणी पहिलं काम काय केलं असेल तर कोड पुसला होता.

मग सेन्सर खरा आहे का बघितलं. चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. आला ९५. सेन्सर खरा.

रविवारी सकाळी सहाला भाच्याला शेजारी बसवून पेठ नाक्यापर्यंत गेलो आणि तिथून हायवेला लागलो. आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, हवेचा प्रवाह आणि डिझेलच्या रेलचा (नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब, एवढे चारच आकडे लावले. जास्त लावले की प्रत्येकाचा वेग कमी होतो. इंजिन चांगलं गरम झाल्यावर, मोकळा रस्ता बघून, चौथ्या गिअरमध्ये साठवरून पेडल तळाला आणि शंभरपर्यंत. असं तीन वेळा.

घरी येऊन ग्राफ काढला. २,४०० आरपीएमला दाब २०५ किलोपास्कल, हवेचा प्रवाह सेकंदाला ४८ ग्रॅम. इथपर्यंत छान. २,७०० नंतर दाब घसरायला लागला, १८०, १६५, आणि २,९०० ला १५०. त्याच वेळी हवेचा प्रवाह मात्र वाढत होता. ४८ वरून ५७ आणि ६६. तिन्ही वेळा तसंच. रेलचा दाब पूर्ण वेळ १,३०० बारच्या वर टिकून होता, म्हणजे डिझेल कमी पडत नव्हतं. फिल्टर आणि पंप त्यातून सुटले.

मी त्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत बसलो. एक खाली जातेय, दुसरी वर. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे असतो. दाब मोजणारा असतो पार इंजिनच्या तोंडाशी. मध्ये टर्बो, दोन होज आणि इंटरकूलर. टर्बो मेला असता तर दोन्ही रेघा खाली आल्या असत्या, कारण हवा ओढलीच गेली नसती. इथे दारातून हवा जास्त येत होती आणि आतल्या खोलीत पोचत नव्हती. म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी भोक आहे, आणि ते फक्त दाब चढल्यावरच उघडतं. काळ्या धुराचंही कोडं सुटलं. आलेली हवा धरून इसीएम डिझेल सोडतंय, आणि त्यातली निम्मी-शिम्मी हवा वाटेतच बाहेर जातेय. हा माझा विहिरीवरचा जॉइंटच होता.

ग्राफ घेऊन चौथ्या गॅरेजमध्ये गेलो. माधवनगर रस्त्याला एक छोटं गॅरेज आहे, दोन गाड्या उभ्या राहतील एवढीच जागा. तिथल्या पोराने, वय असेल तीस, मोबाईल हातात घेऊन दोन रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "काका, होज बघू. टर्बोला हात नको लावूया." एवढं बोलणारा मेकॅनिक मला पाच महिन्यांत पहिल्यांदा भेटला.

टर्बोच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप मी नळाच्या दुकानातून आणली होती. तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. कॅप टर्बोच्या इनलेटला क्लिपने आवळली आणि टायरमध्ये भरतात तशी हवा सोडली. पाच पीएसआयला काही नाही. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. त्या पोराने दाब बारापर्यंत नेला. आणि खालून फुस्स असा आवाज आला. (हे करताना दाब पंधराच्या वर नेऊ नका आणि कॅपच्या समोर तोंड आणू नका, ती उडाली तर जबडा फुटेल.)

इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणारी होज. वरून बघितली तर नवीकोरी वाटावी. काढून उलटी केली. खालच्या अंगाला एका पत्र्याच्या ब्रॅकेटला घासून रबर गुळगुळीत झालं होतं, आणि त्या चमकत्या पट्ट्याच्या मधोमध एक चीर. लांबी अंगठ्याच्या नखाएवढी. नुसती धरली तर चिरेच्या दोन्ही कडा ओठांसारख्या घट्ट मिटलेल्या, नखानेही सापडत नव्हती. त्या पोराने होज दोन्ही हातांनी पिळली, तेव्हा ती उघडली आणि आतला काळा धागा दिसला. आजूबाजूला ऑइलची ओलसर धूळ चिकटलेली. गरम झाल्यावर रबर मऊ पडतं, दाब चढतो, चीर उघडते. थंड इंजिनवर, गल्लीतल्या ट्रायलमध्ये ती कधीच उघडणार नव्हती.

टर्बोही त्याने पाहिला, मी मागे लागलो म्हणून. पंख्याची दांडी बोटाने हलवून बघितली. आडवी किंचित हलते, तेवढी हलायचीच. पुढे-मागे अजिबात नाही, आणि पाती कुठे घासलेली नाहीत. होजमध्ये जे ऑइल दाखवून मला घाबरवलं होतं, ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, येणारं. एवढ्या रनिंगला ऑइलचा पातळ थर असतोच. थेंब-थेंब साचत असेल तर काळजी.

नवी होज १,४५०, दोन क्लिप १८०, मजुरी ५००. ब्रॅकेटवर रबराचा तुकडा गुंडाळला, तो फुकट. परत पेठ नाका, परत चौथा गिअर. २,४०० ला २०६, २,९०० ला २०८, ३,२०० ला २०७. दोन्ही रेघा शेजारी-शेजारी चढत गेल्या. भाचा म्हणाला, "मामा, आता बघा तरी समोर, मीच वाचून दाखवतो."

आता डबीच्या मर्यादा, कारण त्या कळल्या नाहीत तर हीच डबी चुकीच्या वाटेने नेईल. या स्वस्त स्कॅनरला फक्त सर्वसाधारण कोड आणि आकडे दिसतात. कंपनीचे खास कोड, एबीएस, एअरबॅग हे बहुतेक वेळा दिसत नाहीत. इसीएमला किती दाब हवा होता, तो आकडाही माझ्या गाडीत येत नाही. किती मिळाला तेवढाच येतो. त्यामुळे तुलना करायला चांगल्या स्थितीतला स्वतःचाच एखादा लॉग हाताशी लागतो. गाडी बरी असतानाच एक काढून ठेवा, ही माझी खरी विनंती. आणि मॅनिफोल्डच्या दाबाचा नेहमीचा आकडा २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही, कारण तो एका बाइटमध्ये पाठवला जातो. जास्त बूस्टच्या गाड्यांत २५५ ला सरळ रेघ दिसली तर टर्बो अडकलाय असं समजू नका.

टॉर्कमधला "बूस्ट" हा आकडा म्हणजे दाबातून बाहेरचा दाब वजा केलेला. गाडीने बाहेरचा दाब पाठवला नाही तर ती वजाबाकी चुकते. मी सरळ किलोपास्कलमधला पूर्ण दाबच वाचतो.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली. त्या सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनेला बॅटरीचा सप्लाय कायम असतो, चावी काढली तरी. माझी डबी मल्टिमीटरवर ३८ मिलिअँपिअर ओढते, म्हणजे दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर. रोज गाडी चालते त्याला काही नाही. पण लग्नाला गावी गेलात आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली, बॅटरी चार वर्षांची असली, तर सकाळी स्टार्टर फक्त टिक करेल. काम झालं की काढून ठेवायची सवय लावा. माझी डॅशबोर्डच्या कप्प्यात, टायरच्या गेजशेजारी असते.

कुणी घ्यावी? जुनी टर्बो गाडी ज्याच्याकडे आहे आणि जो हायवेवर घरच्यांना घेऊन जातो, त्याने नक्की घ्यावी. पंधराशे ते अडीच हजारांत बरी मिळते. ज्याला ग्राफ वाचायला वेळ नाही त्याने निदान लॉग काढून मेकॅनिकसमोर ठेवावा. मेकॅनिक तो बघायला तयार नसेल तर दुसरा शोधावा. पेट्रोल टर्बोलाही हाच हिशोब लागतो, फक्त तिथे मिश्रण आणि स्पार्कचे आकडे जास्त बघावे लागतात. त्यातला माझा हात अजून बसलेला नाही.

गेल्या महिन्यात आईला पुण्याला डोळ्यांच्या तपासणीला नेलं होतं. येताना खंबाटकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, उसाच्या दोन ट्रॉल्या मागे टाकत एका दमात चढलो. वर आल्यावर आई मागून म्हणाली, "आता बरी ओढतीय रे." घरी येऊन लॉग उघडला. पूर्ण चढभर दाब २०० च्या खाली आलेला नव्हता.